रातपाळीच्या गोळ्या

सत्तर दिवस वाल्मिक दारूला शिवला नव्हता, आणि एकाहत्तराव्या दिवशी प्यायला. नव्वद दिवस निभले की बायको, चंचल, मुलीला घेऊन अमळनेरहून सुरतेला परत यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड पाडून व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक निशाताईंसमोर बसला. स्वतःला घालायच्या तेवढ्या शिव्या घालून झाल्या होत्या.

ताईंनी त्याचं तलफ दाबायच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं. पंधरा गोळ्या तशाच होत्या.

"या का नाही घेतल्या, वाल्मिकभाऊ?"

"रातपाळी होती ना, ताई."

"मग?"

त्याने खिशातून केंद्राचं माहितीपत्रक काढलं. 'प्रस्तुत औषधाचे सेवन केवळ रात्रौ शयनापूर्वी करावे. अन्य वेळी सेवन सर्वथा वर्ज्य.' सातवी शिकलेल्या माणसाने हे तीनतीनदा वाचलं होतं, आणि खोलीत विचारायला कोणी नाही म्हणून आपणच अर्थ लावला होता. कापडाच्या लूमवर पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. रातपाळीत रात्री झोप कुठली? आणि दिवसा झोपताना घ्यावी तर कागदात सक्त मनाई. जन्मात पहिल्यांदा एखादा नियम एवढा इमानदारीने पाळला, तर तोच अंगाशी आला.

ज्या विद्वानाने हे लिहिलं त्याला महिनाभर लूमवर उभं करायला हवं होतं. ताईंनी पेनाने ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'झोपताना घ्या. दिवसा झोपलात तर दिवसा.'

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "गोळी थांबली म्हणून तलफ उसळली."

वाल्मिकला रडूच आलं. चूक दुसऱ्याची आहे असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. जिना उतरता उतरताच त्याने चंचलला फोन लावला. पाळी, कागद, गोळ्या सगळं सांगितलं, प्यायलेलंही लपवलं नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मागे कारखानाना दोस, त्याना आगोदर दोस्तस्ना," ती म्हणाली. "आते कागदना का?"

"यावेळ खरं सांगी ऱ्हायनू, चंचल."

"दरवेळले खरंच ऱ्हास तुमनं."

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने शांतपणे फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या खोट्या सबबींत त्याची पहिली खरी गोष्ट जाऊन मिसळली होती, आणि ती वेगळी काढून दाखवणं त्याच्या हातात नव्हतं.

खोलीवर येऊन आडवं व्हायच्या आधी त्याने भर दुपारी गोळी घेतली. घेतली, हे सांगायला कोणी नव्हतं.