मुठीचं माप

सुकदेवनं शिवलेली रिक्षाची सीट सुरतच्या लिंबायतमध्ये बसल्याबरोबर ओळखू यायची. कमरेला कळायचं! दहा वर्षं खड्डा पडणार नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा आणि खड्डा खरंच पडत नसे. त्यामुळे १९९७ साली गल्लीतल्या गणेश मंडळानं बॉक्सिंगचे सामने ठेवायचं ठरवलं, तेव्हा ग्लोव्हज शिवायचं काम सुकदेवशिवाय दुसऱ्या कुणाकडे जाणार? रेक्झिन त्याच्याकडे होतंच.

त्यानंही काम मन लावून केलं. खेळणाऱ्यांना ओळीनं बोलावलं, खाकी कागदावर पंजा पसरून ठेवायला लावला आणि भोवती पेन्सिल फिरवली. चपलेसाठी पाऊल आखतात ना, अगदी तसं. मग कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यातल्या चिंध्या आणल्या आणि सीटमध्ये भरतो तशाच सळईनं ठासून भरल्या. बारा जोड तयार झाले. मंडळाचे लोक बोट दाबून बघत आणि म्हणत, वा, मजबूत काम आहे.

सरावाच्या तिसऱ्याच दिवशी सुकदेवच्या मुलाचा, योगराजचा, ग्लोव्हमधला ताठ अंगठा समोरच्या किरणच्या डोळ्यात गेला.

किरण नांदेडकडचा. शेजारच्या खोलीत राहायचा, योगराजबरोबरच लूमवर कामाला जायचा आणि दोन वेळचं योगराजच्या आईच्या, शोभाबाईंच्या हातचं जेवायचा. डॉक्टर म्हणाले, डोळा थोडक्यात वाचला. पंधरा दिवस पट्टी राहील. तुटलेला धागा एका डोळ्यानं सांधता येत नाही, म्हणून बिचारा खोलीत बसून राहिला.

त्या दिवसापासून योगराजही बोलेनासा झाला. ताटावर बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तसाच ठेवून उठायचा.

"काय व्हयनं रे भाऊ?" शोभाबाई लेकाला अहिराणीत विचारायच्या. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

सुकदेवकडे मात्र उत्तर तयार होतं. "अगं, खेळ आहे तो. लागतंच. मार खाल्ल्याशिवाय कुणी पैलवान झालाय का?"

मंडळी, हे 'लागतंच' तुम्ही-आम्ही सगळेच म्हणतो. फार सोयीचं आहे. एकदा म्हटलं की आपली चूक शोधायचे कष्ट वाचतात.

सामन्यांना चार दिवस उरले. संध्याकाळी शोभाबाई साड्यांचे लोंबते धागे कापत बसल्या होत्या. योगराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यांनी कात्री खाली ठेवली, खुंटीवरचा एक ग्लोव्ह काढला आणि नवऱ्यापुढे धरला.

"हात घाला."

"मी काय लढायला चाललोय का?"

"घाला तर खरं."

सुकदेवनं हात घातला.

"आता मूठ वळा."

त्यानं वळली. म्हणजे वळायला गेला. बोटं अर्धी वाकली आणि थांबली. अंगठा तर बाजूला काठीसारखा उभा. त्यानं दात खाऊन पुन्हा जोर लावला, रेक्झिन करकरलं, पण मूठ होईना.

"नवा आहे," तो पुटपुटला. "वापरून सैल होईल."

"तोवर कुणाकुणाचे डोळे द्यायचे?" शोभाबाईंचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही सीट शिवलीत. सीटवर माणूस बसतो, यात हात राहतो. तुम्ही पसरलेल्या पंजाचं माप घेतलंत. मारामारीत पंजा पसरतो का कुणी? मूठ मिटली तर अंगठा बोटांवर येतो, कुणाच्या डोळ्यात जात नाही. पोराची मूठ तुम्ही मिटूच दिली नाही. आणि तो तीन दिवस उपाशी राहून स्वतःला दोष देतोय."

बाकीचं सगळं सुकदेवनं ऐकून घेतलं असतं. हे शेवटचं मात्र त्याच्या काळजात गेलं. भिंतीकडे वळलेली ती पाठ त्यानं पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. तो पोराच्या उशाशी जाऊन बसला. हातात अजून तो ग्लोव्ह तसाच होता.

"योगराज, चूक तुझी नव्हती बाळा. माझी होती."

बापमाणसाला हे म्हणणं फार जड जातं. सुकदेवलाही गेलं. बापाचा तो रेक्झिनचा हात धरून योगराज ढसाढसा रडला. त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेवनं बाराही जोड उसवले. मंडळाला सांगितलं, सामने दोन दिवस पुढे ढकला. तो टेप घेऊन बसला, तर दारात किरण उभा. एका डोळ्याला पट्टी.

"काका, पहिलं माप माझं घ्या."

"तू अजून खेळणार?"

"पट्टी निघाली की. योगराजबरोबरच खेळणार." आणि त्यानं मिटलेली मूठ पुढे केली.

सुकदेवनं त्या मुठीला हळूच टेप गुंडाळला. या वेळी त्यानं तळहाताच्या बाजूचं भरण काढून टाकलं आणि बोटांना धरायला तिथे कापडाची एक वळकटी शिवली. बोटांच्या पेरांवर चिंध्यांऐवजी मऊ फोमचे थर दिले. अंगठा बोटांवर वाकवून पट्टीनं ग्लोव्हलाच जोडला. प्रत्येक ग्लोव्ह आधी स्वतः घालायचा, मूठ मिटायचा आणि स्वतःच्याच गालावर मारून बघायचा. शोभाबाई हसून म्हणाल्या, "अजून एक थप्पड मारा. फार वर्षं राहून गेलेली आहे."

सामन्याच्या दिवशी योगराजच्या ग्लोव्हची नाडी किरणनं बांधली.

"मिटते का मूठ?"

"मिटते," योगराज म्हणाला.

लिंबायतच्या रिक्षाही त्या वर्षापासून मऊ झाल्या, कारण सुकदेव आता प्रत्येक सीटवर आधी स्वतः बसून बघतो. आपणही एवढंच शिकायचं आहे. दुसऱ्यासाठी वस्तू करा, नियम करा, नाहीतर घरातली एखादी रीत ठरवा. आधी आपला हात त्यात घालून बघा. आपली मूठ मिटली, तरच ते दुसऱ्याच्या हाती द्या.