सूप थांबलं की

"मारा रेस," तुळशीराम मिस्त्री बॉनेटखालून म्हणाला आणि काखेखालून त्याने हळूच उंबऱ्याकडे पाहिलं.

उंबऱ्यावर त्याची थोरली बहीण मनकर्णाबाई ज्वारी पाखडत बसली होती. भावजयीच्या दिवसकार्याला हिवरा आश्रम गावाहून आली, ती भावाच्या भाकरीची सोय बघायला नांदुऱ्यातच राहिली. जीपमध्ये बसलेल्या गुलाबरावांनी पाय दाबला, इंजिन गरजलं. सूप आपल्या चालीत हलत राहिलं.

मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटर सुतभर फिरवला. "अजून एकदा."

गुलाबराव उंद्रीचे बडे शेतकरी. लष्कराच्या लिलावातली जीप त्यांनी हौसेने घेतली आणि पेट्रोल परवडेना म्हणून मिस्त्रीकडून तिचं इंजिन रॉकेलवर करून घेतलं. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, लावायचं; कारखान्याने कोरलेली त्याची खूण पेट्रोलसाठी, रॉकेल तिला जुमानत नाही. ठिणगी लवकर पडली तर इंजिनात डब्यातल्या दाण्यांसारखी बारीक खडखड होते आणि पिस्टन कामातून जातो. उशिरा पडली तर इंजिन मरगळतं, चढाला उकळतं. तेव्हा दाणे वाजेपर्यंत टायमिंग पुढे घ्यायचं आणि वाजले की किंचित मागे. सगळा कारभार कानाचा, आणि मिस्त्रीचे कान केव्हाच गेले होते. समोरच्या माणसाचं बोलणं कळायचं, दाणे मात्र मुळीच नाही.

हे एकट्या त्याच्या बायकोला, झुंबरबाईला, माहीत होतं. नवऱ्याने तिला सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. एकदा अशीच दारात पाखडत असताना इंजिन खडखडलं, तरी नवरा टायमिंग पुढेच नेतोय हे पाहून तिचे हात थांबले. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने टायमिंग मागे घेतलं. त्यानंतर दारात गाडी लागली की ती सूप घेऊन उंबऱ्यावर हजर. घरात निवडायला काही नसलं तर निवडलेलीच ज्वारी पुन्हा पाखडायची. मिस्त्रीच्या घरची जवारी लय खड्यायची, असं लोक हसून म्हणत. हसोत बापडे. नांदुऱ्यात त्याच्याइतकं नेमकं टायमिंग कोणाचं लागत नव्हतं.

आता गुलाबरावांनी पुन्हा रेस मारली आणि सूप थांबलं.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. बहिणीलाही कळतंय तर! त्याने टायमिंग मागे घेतलं. पुढच्या रेसला सूप परत थांबलं, त्याने आणखी मागे घेतलं. तिसऱ्यांदा ते हलत राहिलं, तेव्हा त्याने बोल्ट आवळला आणि कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

दुपारी जीप परत आली ती वाफा ओकत.

"हे काय करून ठेवलं, मिस्त्री?" गुलाबराव उतरता उतरता म्हणाले. "चढाले पार मेल्यावानी करून राह्यली. पाणी उकयलं. धा जनायनं धक्का मारला तई वर गेली."

मिस्त्रीने बॉनेट उघडलंही नाही. तो बहिणीकडे वळला.

"बाई, सकाऊन सूप काऊन थांबवलं तू?"

"कई?"

"गाडी वाजून राह्यली होती तई."

मनकर्णाबाईला आधी समजेना. मग ती हळूच म्हणाली, "डोये भरून आले रे. तिचंच सूप ना हे. काठाले तिनं पट्टी शिवेल हाये, तेच हाती लागली."

गुलाबरावांना हसू आलं. "गाडीत अन् सुपात काय संबंध हो मिस्त्री?"

एखादी थाप मारून वेळ मारून नेता आली असती. पण थाप मारायची म्हणजे तिचं सगळं करणं पुसून टाकायचं, हे मिस्त्रीच्याने होईना.

"मले दाणे वाजलेले आयकू येत नाई, गुलाबराव. लय वर्सं झाली. झुंबर आयकत होती."

परक्या माणसासमोर बायकोचं नाव त्याने आज पहिल्यांदा घेतलं.

"म्हंजे माही गाडी झुंबरबाईनं लावेल होती?"

"हाव. तुमचीच नाई, सगळ्यायच्या."

गुलाबरावांचं हसू ओसरलं. ते बॉनेटकडे वळले. "मी आयकून सांगू का?" मग स्वतःच मान हलवत म्हणाले, "पन मले त समदं सारखंच वाजते."

"टेसनापाशी महादेवराव मिस्त्री हाये, त्याच्याकडं न्या," मिस्त्री म्हणाला. "त्याले आयकू येते."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार आणि मग दारात गाडी लागणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी रेडिएटरमध्ये पाणी त्यानेच ओतलं, बॉनेटवरची वाफ फडक्याने पुसली. मनकर्णाबाई पदराने डोळे टिपत चहा ठेवायला आत गेली.

मिस्त्री उंबऱ्यावर तिच्या जागी बसला. सूप मांडीवर घेतलं, काठाची पट्टी अंगठ्याखाली आली आणि तो पाखडू लागला. गुलाबरावांनी गाडी सुरू केली, बॉनेट थरथरताना दिसलं. जीप रस्त्याला लागली, वळली, दिसेनाशी झाली. तो पाखडतच राहिला. हात कधी थांबवायचे, ते त्याला माहीत नव्हतं.