डाव्या गालाचं दुखणं

निंबर्ग्याच्या रुद्रम्माच्या डाव्या गालात आतून फोड आला तो १९५३च्या उन्हाळ्यात. आधी तिखट झोंबायचं. मग दुधात कुस्करलेली भाकरीही गिळवेना. तीन महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. जबडा उघडेनासा झाला तेव्हा नवरा शिवशंकरप्पा तिला आळंदला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं तोंड बघितलं आणि हैद्राबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

घरी तिची धाकटी जाऊ अक्कम्मा हिनं तिचं ताट वेगळं केलं. "लागट आसलं तर काय करायचं, अक्का?" ती म्हणाली. रुद्रम्मानं ते ताट उचलून घेतलं. हे आपल्याला कशानं झालं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

हैद्राबादचे डॉक्टर मूळचे परभणीकडचे.

"तंबाखू खाता?"

"व्हय. चुन्यासंगं. पहिलं बाळ झालं तवा दाढ दुखायली म्हून सासूनं दिली. वीस-बावीस वर्सं झाली."

"कुठं धरता?"

तिनं त्याच गालावर बोट ठेवलं.

"झोपताना थुंकता का?"

"न्हाई. तशीच आसती."

डॉक्टर म्हणाले, "वीस-बावीस वर्षं एकाच जागी तंबाखू आणि चुना. कातडी भाजते, भरते, पुन्हा भाजते. तसं होता होता तिथलं मांस बिघडतं. हा कॅन्सर आहे. खाणाऱ्या प्रत्येकाला होतो असं नाही, पण न खाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जणांना होतो. जोडीला बिडी, दारू असली तर धोका आणखी वाढतो. आणि ताटाला ताट लागून हा होत नाही."

"म्हंजी पापानं न्हाई झालं?"

शिवशंकरप्पानं चमकून तिच्याकडं बघितलं. तेव्हा ती त्याविषयी पहिल्यांदा बोलली. पाच वर्षांमागं, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी गावात मुसलमानांच्या घरांची लुटालूट चालली होती. शेजारची मलनबी दोन पोरी घेऊन आसरा मागायला दाराशी आली. शिवशंकरप्पा शेतात होता. रुद्रम्मानं आतूनच सांगितलं, "हितं जागा न्हाई." मलनबी जिती राहिली, पण गाव सोडून गेली.

"ज्या तोंडानं न्हाई म्हनलं, तेच सडायलंय," रुद्रम्मा म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "रोगाला हे कळत नाही, बाई."

बाहेरच्या बाकावर ती कितीतरी वेळ रडली. नवरा म्हणाला, "आता कामून रडायलीस? पाप न्हाई म्हनले की."

"शिक्षा आसती तर भोगून सुटले आसते," ती म्हणाली. "आता ते तसंच राहिलं."

ऑपरेशनमध्ये गाल आणि जबड्याचा तुकडा गेला. दोन महिन्यांनी परतताना ती गुलबर्ग्याला उतरली. मलनबी तिथं गोधड्या शिवून राहते, हे शिवशंकरप्पानं विचारून काढलं होतं.

मलनबीनं आधी तिला ओळखलंच नाही. ओळखल्यावर सुई बाजूला ठेवली. रुद्रम्माचे शब्द नीट उमटत नव्हते, तरी तिनं सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"याद हाय मला," मलनबी म्हणाली. "पोरींचं तोंड दाबून दोन दिवस तुरीत बसले. पन तुझ्या तोंडाचं आसं व्हावं, हे मी कधी मागितलं न्हाई, अक्का."

ती बोलत होती आणि तिच्या खालच्या ओठाआडून चुना मिसळलेला काळा रस दिसत होता. रुद्रम्मा सरकून जवळ आली.

"तोंड उघड."

"कामून?"

"उघड म्हनले न्हवं!"

ओठाच्या आत नखाएवढा पांढरा चट्टा होता. रुद्रम्मानं तोंडावरचा पदर काढला आणि आपला कापलेला गाल तिच्यासमोर धरला. "माजंबी आधी आसंच हुतं. पांढरं. दुखत न्हवतं."

मलनबी अंगणात जाऊन थुंकून आली. दुसऱ्या दिवशी तिघं गुलबर्ग्याच्या दवाखान्यात गेली. अजून कॅन्सर नाही, पण तंबाखू सोडा आणि दर काही महिन्यांनी दाखवत राहा, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. मलनबीनं ती दोनदा सोडली, दोनदा धरली, तिसऱ्यांदा सुटली.

रुद्रम्माला पुढं मानेत गाठ आली. ती आणखी दोन वर्षं जगली. शेवटचे पंधरा दिवस मलनबी निंबर्ग्याला येऊन राहिली. अक्कम्मानं चुलीपाशी तिला जागा करून दिली. माफीचा शब्द रुद्रम्मानं पुन्हा काढला नाही, मलनबीनंही दिला नाही. ती ज्वारीची पेज निववायची, चमच्यानं उजव्या गालात सोडायची, आणि घोट उतरेपर्यंत रुद्रम्माची हनुवटी धरून बसायची.