संशयित म्हणून नोंद

तृप्ती उपकेंद्राचं कुलूप काढत होती, तेवढ्यात समोरच्या दुकानातून घनश्याम रस्ता ओलांडून आला. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"त्या टॅबमंदी का लिहिलं तुमी माह्या पोट्ट्याबद्दल? आत्ताच्या आत्ता काढा."

भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आत वळलं की लागणाऱ्या त्या गावात आरोग्य अधिकारी म्हणून येऊन तृप्तीला वर्षही झालं नव्हतं. बीपी-शुगर मोजायची, औषधं द्यायची आणि टॉर्च लावून लोकांची तोंडं तपासायची, हे तिचं काम. तिखट खाल्लं की आग होते म्हणून घनश्यामचा मुलगा कमलेश मागे आपणहून आला होता. त्याचा जबडा दोन बोटांच्या वर उघडेना. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. सुपारी-तंबाखूचा खर्रा तो तिथेच दाबून ठेवायचा, उठल्यापासून झोपेपर्यंत. घरचाच माल, बापाच्या दुकानात प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला.

टॅबवर दोनच पर्याय होते, सामान्य नाहीतर संशयित. तिनं संशयित निवडलं, चट्ट्याचा कोड टाकला, आणि कमलेशला समजावलं की संशयित म्हणजे कॅन्सर नव्हे. भंडाऱ्याला तुकडा काढून तपासतील तेव्हाच कळेल. त्यानं मान डोलावली आणि गेलाच नाही.

आठवणीचा मेसेज आपोआप गेला, तो नेमका त्याच्या साक्षगंधात, साखरपुड्याची पंगत बसलेली असताना. कमलेशचा मोबाइल होणाऱ्या मेहुण्याच्या हातात होता, तो फोटो काढत होता. 'मुख कर्करोग तपासणी: संशयित. त्वरित जिल्हा रुग्णालयात जावे.' आंबागडहून आलेली मुलीकडची पाहुणेमंडळी भरल्या ताटांवरून उठली.

"काकाजी, संशयित म्हणजे..."

"मले मराठी नोको शिकवू. सामान्य लिहा. मी त्यायले दाखवतो न् सोयरीक जुळवतो."

"चट्टा दिसून राहिला. सामान्य कशी लिहू?"

"संशय कोनाले आला? तुले आला ना? मंग तुयाच घरी ठेव तो!"

अहोजाहो संपलं होतं. तृप्तीला तो मेसेज स्वतःलाही डाचत होता. ती म्हणाली, "मेसेज असा उघडा जायला नको होता. ते चुकलं. मी वर कळवते. पण नोंद बदलणार नाही."

घनश्याम दुकानाकडे वळून ओरडला, "आयका रे! चुकलं म्हनते!"

दिवस मावळायच्या आत बाईनं चूक कबूल केली हे गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून उपकेंद्रात चिटपाखरू फिरकेना. गरोदर बाया दुसऱ्या गावाला जाऊ लागल्या. कोणीतरी तिच्या स्कूटीची सीट ब्लेडनं फाडली. घरमालकीण कौशल्याबाई दारातच उभी राहून म्हणाली, "दुसरी खोली पाहून घे बाई. माहा पोट्टाही लग्नाचा हाय."

वरच्या कार्यालयात डेटा सांभाळणाऱ्या निकेशचा फोन आला. "मॅडम, एक टिक तर आहे. एंट्री चुकली म्हणून दाखवू. मी इथून खोलून देतो."

"उद्या त्या पोराला काही झालं तर कोणाची एंट्री चुकली म्हणशील?"

"तुम्हाला त्याच गावात राहायचंय ना?"

तिनं फोन कापला. भीती वाटत नव्हती असं नाही. बाजारात मागून पावलं वाजली तरी ती दचकायची.

शेवटी कमलेशची आई, सत्यवती, नवऱ्याला न सांगता पोराला भंडाऱ्याला घेऊन गेली. तुकड्याचा रिपोर्ट घनश्यामनंच आणून तृप्तीच्या टेबलावर आपटला.

"हे पाय. कॅन्सर नाई! खोटारडी!"

तिनं वाचलं. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. खर्रा बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी.

"खालची ओळ वाचली का, काकाजी?"

"मले वरची पुरे."

सोयरीक काही परत जुळली नाही. कमलेश दिवसभर दुकानात बसून पहिल्यापेक्षा जास्त खर्रा चघळू लागला. तृप्ती दिसली की तिच्या दिशेनं पिचकारी टाकायचा.

तपासणीची तारीख उलटली आणि टॅबवर त्याचं नाव लाल झालं. न येण्याचं कारण निवडा: स्थलांतर, मृत्यू, नकार, सापडला नाही. आणि तो तर खिडकीतून समोर दिसत होता. तृप्तीच्या डोक्यात तिडीक गेली. टॉर्च आणि टॅब घेऊन ती रस्ता ओलांडून थेट दुकानात शिरली.

"कमलेश, तोंड उघड."

"चाल, हट," भरल्या तोंडानं तो म्हणाला.

घनश्यामनं तराजूतलं वजन उचललं. "एक पाय पुढं टाकशील त तंगडं तोडीन."

"तोडा. नकार द्यायचा तर त्यानं द्यावा, तुम्ही नाही."

गिऱ्हाइकं मागे सरकली. आतून सत्यवती आली. तिनं पोराचा जबडा धरला, बोट घालून खर्रा बाहेर काढला आणि नालीत भिरकावला. "उघड."

पांढरा चट्टा आता लाल झाला होता, कडेला जखम ओली होती. तृप्तीनं टॉर्च घनश्यामपुढे धरला. तो घेईना.

"पाहा ना," सत्यवती म्हणाली. "मी पायलं. तुमी काहून नाई पाहत?"

त्यानं वजन खाली ठेवलं, टॉर्च घेतला आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉर्च काउंटरवर फेकला.

"लिही. तुले का लिहाचं ते लिही. वाटोळं होईन तुयं."

तिनं तिथेच उभ्यानं पुन्हा संशयित म्हणून नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिघंही भंडाऱ्याला गेली. उपकेंद्रावरून जाताना घनश्याम थुंकला, तिच्याकडे न पाहता. दुकान दिवसभर बंद राहिलं. त्याची गिऱ्हाइकं उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली आणि त्यातला एक जण तिलाच दरडावून विचारू लागला, "आता खर्रा कोठी भेटन?"