कच्चा रस्सा

"ते पातेलं उतरवा आधी, सिदोनीबाई! बोट आहे ही, भटारखाना नव्हे!" नावाडी फुल्जांस ओरडला.

"पातेलं नाही तर मीही नाही. उडू दे तुमचं रॉकेट माझ्या डोक्यावरून!"

झालं! बेट रिकामं करायला आलेल्या पोलिसाने कपाळाला हात लावला. फ्रेंच गयानातल्या कुरूहून रॉकेट उडायचं म्हणजे समोरची बेटं रिकामी करायची, हा नियमच. बेटावरच्या खानावळीत रांधणारी सिदोनी एरवी निमूट बोटीत बसे. आज मात्र तिच्या मांडीवर अवाराचा रस्सा होता. अवारा म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाचं केशरी फळ. त्याचा गर, धुरावलेली मासळी, कोंबडी, सगळं दीड दिवस मंद आचेवर शिजायला हवं. आणि कुरूतलं शेंबडं पोरही सांगेल, ईस्टरला हा रस्सा खाल्लेला माणूस कुठेही जावो, गयानात परततोच.

ईस्टर आजच होता आणि तिचा मुलगा लेऑन्स उद्या नोकरीसाठी पॅरिसला निघाला होता. रॉकेट वाऱ्यामुळे अडलं, आता पुढच्या आठवड्यात उडणार असं कळलं म्हणून सिदोनीने काल चूल पेटवली. ते अचानक आजच ठरलं आणि भर शिजण्यात चूल विझवावी लागली. कुरूत जन्म काढून रॉकेटच्या तारखेवर विश्वास ठेवला! चूक तिचीच.

शेवटी पातेल्यासकट ती कुरूच्या किनाऱ्यावर उतरली, तर तिथे रॉकेट बघायला ही गर्दी! लेऑन्स मित्रांच्या घोळक्यात होता. तिने रस्स्याची ताटली भरून त्याच्यापुढे धरली.

"आई, इथे? सगळ्यांसमोर?"

"खा मुकाट्याने."

त्याने चमचा तोंडात घातला तोच क्षितिज पेटलं. गडगडाट मागून आला, छातीत घुसला. पोरं नाचायला लागली.

"दोन उपग्रह आहेत त्यात, आई, फोनचे! रोज बोलू आपण. माझा चेहरासुद्धा दिसेल तुला."

"चेहऱ्याला जेवू कशी घालू रे?"

तो हसला. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "कच्चा आहे गं."

"आहे."

आणखी दोन चमचे त्याने कसेबसे गिळले. "खरं सांगू? परत येईन की नाही, मलाच ठाऊक नाही."

सिदोनीने त्याच्या हनुवटीला लागलेला केशरी ओघळ अंगठ्याने पुसला. "स्वेटर हातातल्या पिशवीत ठेव. उतरल्या उतरल्या थंडी वाजेल."

मित्रांनी हाका मारल्या. तो गेला. आभाळात धुराची वाकडी रेघ तेवढी उरली, मग तीही विरली.

"बेटं उघडली, बाई! चला!" फुल्जांसने हाक दिली.

"थांब रे जरा," सिदोनी वाळूत बसकण मारत म्हणाली, "जेवतेय मी."

लेऑन्सची ताटली तिने पुढ्यात ओढली आणि त्याच्याच चमच्याने, सावकाश, उरलेला रस्सा खाऊ लागली.