लक्ष शंभर टक्के

सुमीत सर शिकवतात असं म्हणणं म्हणजे शिकवण्याचाच अपमान. ते बटणं दाबतात. ऑनलाइन तास सुरू झाला की आधी नावांचं चक्र फिरतं, मग प्रश्नमंजूषा, बरोबर उत्तराला फुगे. मग पोरांना लहान लहान गटांत कोंडून सर गायब. अर्थशास्त्र राहतं बाजूलाच, ते मी पुस्तक उघडून वाचते.

मी अन्नपूर्णा. या वर्गात माझं नाव नाही. नाव आहे माझ्या नणंदेचं, मयुरीचं. ती त्या वेळी मैदानावर पोलीस भरतीसाठी धावत असते आणि पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरात तिच्या जागी मी बसते, तोंडाला स्टोल बांधून. कॅमेरा चालू हवाच, पण घरच्यांना चेहरा दाखवलेला चालत नाही म्हटल्यावर सरांनी उदार मनानं स्टोलची परवानगी दिली. त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरला फक्त डोळे लागतात. डोळे पडद्यावर, म्हणजे लक्ष आहे. डोळे कोणाचे, हे विचारायची अक्कल त्याला नाही आणि सरांनाही नाही.

मी हे उगाच करत नव्हते. दुसऱ्या वर्षानंतर लग्न झालं आणि माझं बी.ए. राहिलं ते राहिलंच. यंदा तिसऱ्या वर्षाला नाव घालते म्हटलं, तर नवरा हसला. "आता तुले काय जमन? सारं भुलली असशीन." जमतं, हे राकेशला दाखवायचं होतं, प्रवेशाची मुदत संपायच्या आत.

अशात कॉलेजची तपासणी करायला समिती आली. सरांनी भर तासात तिला सांगितलं, "ही आमची मयुरी. लक्ष शंभर टक्के! बेटा, आज चेहरा दाखव आणि कापसाची आवक वाढली की भाव का पडतो ते सांग."

राकेश चहाचा कप घेऊन दारात उभा होता. मी स्टोल सोडला आणि सगळं नीट सांगितलं. समितीतल्या बाईंनी मान डोलावली.

"शाब्बास मयुरी!" सर म्हणाले.

दोन वर्षं मी याच माणसासमोर पहिल्या बाकावर बसले होते. संतापानं माझे कान तापले.

"सर, मी अन्नपूर्णा. तुमच्याच वर्गात होती."

सरांचा चेहरा पडला. मग ते समितीकडे वळून हसले. "मयुरी जरा मस्करी करते," म्हणाले आणि माझा आवाज बंद केला. स्वतःची अब्रू झाकताना त्यांनी मयुरीचीही झाकली. इतक्या तासांत तेवढंच एक काम त्यांना धड जमलं.

राकेशला हसू आवरेना. "अवं, त्यानं तुले ओळखलंच नाई!"

"नाई तर नाई. तुमी त ऐकलं ना, मी काय सांगतलं ते?"

त्याचं हसणं थांबलं. चहा तसाच हातात. "ऐकलं," तो हळूच म्हणाला.

"मंग गाडी काढा. प्रवेशाच्या फॉर्मवर सही सुमीत सरचीच लागते. माह्यं नाव त्याच्या हातानंच लिवून घेईन."