वेगळी चूल

दोघा भावांनी लोखंडी कपाट ढकलत आणून स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं. पुराचं पाणी पाच दिवस घरात ठाण मांडून होतं. कपाटाचे पाय गंजले होते. ढकलताना फरशीवर तांबूस रेघा उठल्या.

"झाली वाटणी," धाकटा हात झटकत म्हणाला. "आता कोर्टकचेरी तेवढी राहिली."

दोन्ही जावा हसल्या. मोठीने शेजारणीकडून मागून आणलेली शेगडी कपाटापलीकडे मांडली आणि दोन पातेली, एक तवा धाकटीपुढे सरकवला.

"घे बाई. सासूने एवढंच दिलं म्हणून गावभर सांग."

"आणि चांगली कढई तुम्ही दाबून ठेवलीत, तेही सांगते."

म्हातारी स्टुलावर बसून भिजलेल्या गादीचा कापूस मोकळा करत होती. तीही हसली. सरकारी मदत चुलीमागे मिळणार होती, घरामागे नाही; म्हणून हा सगळा खटाटोप. मोठा शिंपी होता, त्याची दोन्ही मशिनं चिखलाने जाम झाली होती. धाकट्याचं विजेच्या सामानाचं दुकान होत्याचं नव्हतं झालं होतं. एका चुलीच्या मदतीत एकच भाऊ उभा राहिला असता.

पंचनाम्याचा कारकून दुपारी आला. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. त्याने भिंतीवरची पाण्याची खूण टेपने मोजली, कपाटाला वळसा घालून दोन्ही शेगड्या पाहिल्या, एकदोन डबे उघडून आत डोकावला.

"कधीपासून वेगळे?"

"झाली की तीन वर्षं," मोठा म्हणाला.

"भांडण?"

"तसं नाही हो. बायकांचं पटत नाही."

मोठ्या सुनेने तोंड वाकडं केलं. धाकटीने खोकल्यात हसू लपवलं.

कारकुनाने दोन कोरे फॉर्म काढले. "घरात कोणाला सरकारी नोकरी, पेन्शन?"

"नाही," दोघेही म्हणाले.

"आजी, तुम्हाला?"

"मिळते की!" म्हातारी ताठ बसली. "सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होते मी."

कारकुनाचं पेन थांबलं.

"मग तुम्ही ज्यांच्याकडे राहता, ते कुटुंब यादीत बसत नाही. नियमच आहे तसा." त्याने भावांकडे पाहिलं. "कोणाकडे असतात या?"

"धाकट्याकडे," मोठा म्हणाला.

"दादाकडे," धाकटा म्हणाला.

दोघं एकदमच बोलले होते. मोठ्या सुनेने शेगडीचं बटण उगाच फिरवलं, पुन्हा बंद केलं. बाहेर कोणीतरी खराट्याने चिखल ओढत होतं.

म्हातारीने मांडीवरचा कापूस झटकला.

"अहो, मी इथे राहतच नाही. मुलीकडे असते. पाणी ओसरल्याचं कळलं, म्हटलं चार दिवस हाताखाली जावं."

त्या दोघांना बहीण नव्हती.

कारकुनाने खिडकीत ओळीने मांडलेल्या तिच्या औषधांच्या बाटल्या पाहिल्या. मग हातातली यादी पाहिली. अजून बरीच घरं बाकी होती.

"बरंच झालं मग. पंचनाम्याला बाहेरचा साक्षीदार लागतो. घरातल्याची सही चालत नाही. तुम्हीच करा."

ती जराशी थांबली. मोठ्याने कागदाखाली टेकायला एक ताट आणून दिलं. धाकट्याने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात ठेवलं. दवाखान्याच्या हजेरीपटावर करायची तशीच तिने पूर्ण नावाची, सावकाश सही केली.

कारकुनाने कागद पिशवीत घातले.

"महिन्याभरात फेरतपासणी होईल हं. तेव्हा आजी इथे दिसायला नकोत." आणि निघता निघता, काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "मग, परत कधी जाणार मुलीकडे?"

म्हातारीने मोठ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

"बघू," ती म्हणाली. "ही पोरं सोडतील तेव्हा."

"उद्याच," मोठा म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. "मी जातोय ना पोचवायला."